कार्लाइलचें क्रीडांगण

अमेरिकेस जाणारे आपले लोक नायगराचा धबधबा पाहतात, न्यूयॉर्कचीं उत्तुंग घरें पाहतात, वॉशिंग्टनचें धवलगृह कुंपणाबाहेरून पाहतात आणि परत येतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु एखाद्या देशाचें अंतरंग राजधानीपेक्षां आडबाजूच्या लहानशा गांवींच पुष्कळदां अधिक उघडें पडतें. पेनसिल्व्हानिया संस्थानांतील कार्लाइल हें असेंच एक गांव आहे. ह्या गांवीं एक शाळा होती. ती १८७९ सालीं निघाली आणि १९१८ सालीं बंद पडली. तिच्या विद्यार्थ्यांनीं १९१२ सालच्या शरदृतूंत चेंडूचा जो खेळ करून दाखविला, त्याची कथा त्या देशांत अजून आवडीनें सांगतात. ती कथा वाचकांस सांगावी, आणि ती सांगतां सांगतां त्या शाळेविषयींहि चार शब्द बोलावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हॅरिसबर्ग ही त्या संस्थानाची राजधानी सस्क्वेहाना नदीच्या कांठीं आहे. तेथून पश्चिमेस सुमारें वीस मैलांवर कंबरलंड खोऱ्यांत कार्लाइल वसलें आहे. खोऱ्याच्या दोन्ही अंगांस डोंगरांच्या लांबच लांब रांगा आहेत; मध्यें चुनखडीची सुपीक जमीन, मक्याचीं शेतें, गुरांचे गोठे. आम्ही आश्विनांत तेथें गेलों, तेव्हां मेपल वृक्षांचीं पानें तांबडीं-पिवळीं झालीं होतीं, आणि सबंध डोंगर जणूं पळसानें फुलला आहे असा भास होत होता. गांव जुनें आहे. लाल विटांचीं घरें, रुंद रस्ते, मधोमध चौक, आणि १७८३ सालीं स्थापन झालेलें डिकिन्सन कॉलेज. गांवाच्या कडेस लष्कराची जुनी छावणी आहे. तेथें आज अमेरिकन सेनेचें युद्धविद्यालय आहे. १९५१ पासून तें तेथेंच चालतें. द्वारापाशीं ओळखपत्र दाखवून परवानगी काढल्यावांचून आंत जातां येत नाहीं. ह्याच छावणींत ती शाळा होती.

शाळेचा संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा घोडदळांतील अधिकारी. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस कोलंबसाच्या चुकीमुळें ‘इंडियन’ हें नांव पडलें. आपण त्यांस आदिनिवासी म्हणूं. पश्चिमेकडील मैदानांत ह्या लोकांशीं झालेल्या लढायांत धरलेले कैदी १८७५ सालीं फ्लोरिडांतील एका किल्ल्यांत आणून ठेविले, तेव्हां त्यांचा ताबा प्रॅटकडे होता. त्यानें त्यांस इंग्रजी शिकविलें, कवाईत शिकविली, आणि त्यावरून त्याची अशी खातरी झाली कीं, ह्या लोकांचीं मुलें लहानपणींच आईबापांपासून दूर नेलीं, तर एका पिढींत तीं गोऱ्या लोकांसारखीं होतील. ‘आदिनिवासी मारावा आणि माणूस वांचवावा’ अशा अर्थाचें त्याचें १८९२ सालचें वाक्य प्रसिद्ध आहे. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. प्रॅट हा त्या मुलांचा द्वेष करीत नव्हता. आदिनिवासी हा बुद्धीनें हीन आहे, असें मानणाऱ्या आपल्या देशबांधवांशीं तो जन्मभर भांडला. मुलांचें कल्याण करण्याच्या बुद्धीनेंच त्यानें हें सर्व केलें. म्हणूनच ही कथा साध्या दुष्टपणाच्या कथेहून अधिक विचार करावयास लावणारी आहे.

१८७९ च्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस मध्यरात्रीं ब्याऐंशीं मुलें आगगाडीनें कार्लाइलास उतरलीं. तीं लाकोटा जमातीचीं होतीं; डाकोटा प्रांतांतील रोजबड व पाइन रिज येथून आणलेलीं. त्यांत ओटा क्टे नांवाचा एक मुलगा होता. आपण पूर्वेकडे मरावयासच चाललों आहों, आणि शूराच्या मुलास तें शोभतें, अशी त्याची समजूत होती. शाळेंत फळ्यावर कांहीं अक्षरें लिहिलेलीं होतीं. एकेका मुलाच्या हातीं छडी देऊन त्यांतील एकावर ती ठेवावयास सांगितलें. मुलांस तीं अक्षरें वाचतां येत नव्हतीं. ह्या मुलानें जेथें छडी ठेविली तेथें ‘ल्यूथर’ असें लिहिलें होतें. तेव्हांपासून तो ल्यूथर स्टँडिंग बेअर झाला. पुढें तो ग्रंथकार झाला आणि ह्या आठवणी त्यानेंच १९२८ सालीं लिहून प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे बारशाच्या दिवशीं बाळाच्या कानांत नांव सांगतात; त्यासाठीं आत्या हवी, पाळणा हवा, घरचीं माणसें हवींत. त्या मुलांचें दुसरें बारसें असें फळ्यापुढें, छडीच्या टोकानें झालें.

नंतर केंस कापले. लाकोटा लोकांत केंस कापणें हें घरांत मृत्यु झाल्याचें चिन्ह. मुलांनीं रात्रीं आकांत मांडला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं केशवपनाच्या काळच्या गोष्टी सांगितल्या असतील, त्यांस डोक्यावरचे केंस जाणें म्हणजे काय असतें, हें निराळें समजावून सांगावयास नको. त्यापुढें गणवेष, घंटा, रांगा, अर्धा दिवस पुस्तकें आणि अर्धा दिवस कारखाना: मुलांस सुतारकाम, खोगीर शिवणें, शिंपीकाम, छापखाना, मुलींस धुणें, शिवण, स्वयंपाक. उन्हाळ्यांत मुलें घरीं जात नसत; त्यांस आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरीं कामास धाडीत. स्वभाषा बोलणें हा अपराध होता व त्यास शिक्षा होती. मूल आलें त्या वेळचें एक छायाचित्र, आणि कांहीं वर्षांनीं कोट-पाटलोण घातलेलें दुसरें, अशा जोड्या छापून वांटीत, म्हणजे लोकांस सुधारणा डोळ्यांनीं दिसावी. हीं छायाचित्रें आज आपणांस पाहतां येतात. आम्हांस त्यांत कपड्यांहून डोळ्यांतला फरक अधिक दिसला.

आतां खेळाकडे वळूं. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात, त्यांत पायाचें काम थोडें आणि खांद्याचें फार. चेंडू वाटोळा नसतो. सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांस निमुळता असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. एका पक्षानें चेंडू घेऊन पुढें घुसावयाचें आणि दुसऱ्यानें त्यास धरून आडवें पाडावयाचें. आपल्या हुतुतूंत घुसलेल्या गड्यास जशी पकड घालतात, तशीच ही पकड. मात्र येथें धरणारे व सुटणारे दोघेहि पूर्ण वेगानें धांवत असतात. ठराविक प्रयत्नांत दहा वार पुढें सरकलें नाहीं, तर चेंडू दुसऱ्यांकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोंचलें म्हणजे सर्वांत मोठे गुण. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा खेळ इतका दांडगा होता कीं, १९०५ सालच्या एका मोसमांत सुमारें अठरा तरुण प्राणांस मुकले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांस हार्वर्ड, येल व प्रिन्सटन येथील मंडळी धवलगृहांत बोलावून सुधारणेची गोष्ट काढावी लागली. १९०६ पासून चेंडू हातानें पुढें फेंकण्यास मोकळीक मिळाली, आणि नुसत्या रेटारेटीच्या खेळांत युक्तीस जागा झाली.

कार्लाइलची शाळा कांहीं कॉलेज नव्हतें. तेथील शिक्षण आपल्या माध्यमिक शाळेच्याहि वर क्वचितच जाई. मुलेंमुली मिळून पट हजाराच्या आंतबाहेर, आणि त्यांत थोराड मुलगे थोडेच. तरीहि ही शाळा कॉलेजांशीं, किंबहुना देशांतील पहिल्या प्रतीच्या विद्यापीठांशीं खेळत असे. ह्याचा आरंभहि मोठा गंमतीचा आहे. १८९० सालीं डिकिन्सन कॉलेजाशीं खेळतांना एका मुलाचा पाय मोडला, तेव्हां प्रॅटनें बाहेरच्यांशीं खेळणें बंद करून टाकलें. पुढें चाळीसएक मुलें त्याच्याकडे विनंती घेऊन आलीं. त्यांच्या तर्फेनें एकानें असें कांहीं वक्तृत्व केलें कीं प्रॅटचें मन वळलें. त्यानें दोन अटी घातल्या: समोरच्यानें ठोसा मारला तरी उलट मारावयाचा नाहीं, आणि कांहीं वर्षांत देशांतील सर्वांत बलाढ्य संघास हरवून दाखवावयाचें. मुलांनीं दोन्ही अटी पत्करल्या. ही हकीकत प्रॅटनेंच लिहून ठेविली आहे.

१८९९ सालीं ग्लेन वॉर्नर हा शिक्षक आला. मध्यें तीन वर्षें तो गेला होता. १९०७ सालीं परत आला. त्याच्या हाताखालीं कार्लाइलचा संघ चपळाईसाठीं व युक्त्यांसाठीं नांवाजला. १९०३ सालीं हार्वर्डविरुद्ध त्यांनीं चेंडू एका गड्याच्या सदऱ्याच्या आंत, पाठीशीं लपविला. शिंप्याकडून सदऱ्यांत लवचीक पट्टी बसवून घेतली होती. हार्वर्डचे गडी चेंडू शोधीत राहिले आणि हा गडी मैदानाच्या शेवटास जाऊन पोंचला! तो सामना हार्वर्डनें १२–११ असा जिंकला खरा, पण लोकांच्या स्मरणांत राहिली ती हरलेल्यांची युक्ति. १९०७ सालीं नव्या नियमाप्रमाणें चेंडू दूर फेंकून त्यांनीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठास २६–६ असें हरविलें. आज त्या देशांत जो खेळ खेळला जातो, त्याचें मूळ शोधूं जातां ह्या मुलांच्या सामन्यांचा उल्लेख केल्यावांचून चालत नाहीं.

ह्या संघाचा मुकुटमणि जिम थॉर्प. तो ओक्लाहोमाकडील सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याचें जातीचें नांव ‘वाथोहुक’, म्हणजे उजळलेली वाट. जुळा भाऊ लहानपणींच वारला, आई गेली. १९०४ सालीं तो कार्लाइलास आला आणि थोड्याच दिवसांत वडीलहि गेले. शाळेंत तो शिंपीकाम शिके. १९११ सालीं हार्वर्डविरुद्ध त्यानें चार वेळां चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला आणि बारा गुण मिळविले. कार्लाइलनें तो सामना १८–१५ असा जिंकला. सुरवातीस हार्वर्डच्या शिक्षकानें आपले मुख्य गडी राखून ठेविले होते, असें सांगतात. प्रतिपक्षास कमी लेखणें हा बलवानांचा जुनाच रोग आहे.

१९१२ च्या उन्हाळ्यांत स्टॉकहोम येथें ऑलिंपिक सामने झाले. थॉर्पनें पांच कसोट्यांची आणि दहा कसोट्यांची अशा दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदकें मिळविलीं. त्याचाच सहाध्यायी लुइस टेवानिमा हा दहा हजार मीटरच्या धांवेंत दुसरा आला. हा टेवानिमा होपी जमातीचा. त्याच्या गांवच्या लोकांनीं सरकारी शाळांस विरोध केला, म्हणून १९०७ सालीं त्यास जवळजवळ कैदी करूनच कार्लाइलास आणलें होतें! आगस्टमध्यें दोघे परत आले, तेव्हां गांवानें मोठा उत्सव केला. एका लहानशा शाळेचे दोन विद्यार्थी अमेरिकेच्या नांवानें पदकें घेऊन आले. आणि त्या वेळीं आदिनिवासी लोकांपैकीं अनेकांस अमेरिकेचें नागरिकत्वसुद्धां नव्हतें. सरसकट सर्वांस तें मिळावयास १९२४ साल उजाडलें.

महिन्याभरांत खेळाचा मोसम सुरू झाला. त्या वर्षीं नियमहि बदलले होते: दहा वारांसाठीं तीनऐवजीं चार प्रयत्न, आणि रेषा ओलांडल्यास पांचाऐवजीं सहा गुण. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेर, सुमारें दहा आठवड्यांत, कार्लाइलचे चौदा सामने झाले. प्रारंभीं आसपासचीं लहान कॉलेजें होतीं. गांवच्याच डिकिन्सनला ३४–० आणि व्हिलानोव्हाला ६५–० असें त्यांनीं उडवून दिलें. वॉशिंग्टन अँड जेफर्सन कॉलेजाशीं मात्र दोन्ही पक्षांस एकहि गुण मिळाला नाहीं. मग सिराक्यूजवर ३३–०, पिट्सबर्गवर ४५–८, जॉर्जटाउनवर ३४–२०. कॅनडांत टोरांटोस जाऊन तेथील संघास ४९–१ असें जिंकून आले. बहुतेक सामने परगांवीं. रात्रीं आगगाडींत निजावयाचें, उतरून खेळावयाचें, पुन्हां गाडींत बसावयाचें. थोराड गडी मोजकेच. कोणी जखमी झाला तर त्याच्या जागीं उभा करावयास दुसरा तितक्या तोलाचा मिळणें कठीण.

नोव्हेंबरच्या ९ तारखेस हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें सेनेच्या विद्यालयाशीं सामना झाला. ह्या सामन्यास एक निराळाच अर्थ होता. वेस्ट पॉइंट म्हणजे जेथें अमेरिकन सेनेचे अधिकारी तयार होतात ती संस्था. आदिनिवासी लोकांशीं ज्या फौजा लढल्या, त्यांचे कितीएक नायक येथूनच निघाले होते. वूंडेड नी येथें सैन्यानें लाकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची जी कत्तल केली, तीस तेव्हां पुरतीं बावीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. खेळापूर्वीं वॉर्नरनें मुलांस एवढीच आठवण दिली कीं, समोर उभ्या असलेल्यांचे वाडवडील तुमच्या वाडवडिलांशीं लढले होते. याहून अधिक बोलण्याची गरज नव्हती.

त्या दिवशीं कार्लाइलनें एक नवी रचना काढली. पाठीमागचे दोन गडी दोन्ही बाजूंस, रांगेच्या टोकांशीं नेऊन उभे केले. त्यामुळें चेंडू कोणाकडे जाणार, कोणत्या अंगानें हल्ला होणार, हें प्रतिपक्षास उमजेना. चिपेवा जमातीचा गस वेल्च हा चेंडू चालवी. थॉर्प मधून मुसंडी मारी. आणि सैनिकांची सारी दृष्टि थॉर्पवर खिळलेली असतां ॲलेक्स आर्कासा हा दुसरा गडी कडेनें निसटून जाई. रेषा ओलांडण्याचें श्रेय त्या दिवशीं थॉर्पपेक्षां आर्कासासच अधिक मिळालें. सेनेच्या संघाचा नायक रागाच्या भरांत दांडगाई करूं लागला, तेव्हां पंचांनीं त्यास मैदानाबाहेर काढलें. त्या संघांत ड्वाइट आयझेनहॉवर नांवाचा एक तरुण होता. त्यानें व त्याच्या जोडीदारानें थॉर्पला अडकवून जायबंदी करण्याचा बेत केला होता. पण ऐन वेळीं थॉर्प बाजूस सरकला आणि ते दोघे एकमेकांवरच आदळले. हा तरुण पुढें दुसऱ्या महायुद्धांतील सेनापति आणि १९५३ ते १९६१ पर्यंत अमेरिकेचा अध्यक्ष झाला. सामना संपला तेव्हां गुण होते कार्लाइल २७, सेना ६.

पुढल्याच शनिवारीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठानें त्यांस ३४–२६ असें हरविलें. असें नेहमींच होतें. जिवाचें रान करून एक गड घेतला म्हणजे दुसऱ्या दिवशीं साधी टेकडीहि चढवत नाहीं. नंतर स्प्रिंगफील्डवर ३०–२४ असा निसटता जय मिळाला आणि नोव्हेंबरच्या २८ तारखेस ब्राउन विद्यापीठावर ३२–० असा. चौदा सामन्यांत बारा जिंकले, एक बरोबरींत सुटला, एक हरले. केलेले गुण ५०४, दिलेले ११४.

ह्यानंतर दोनच महिन्यांनीं, १९१३ च्या जानेवारींत, एका वृत्तपत्रानें असें उजेडांत आणलें कीं, थॉर्प १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत उत्तर कॅरोलिनांत थोडेसे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. त्या काळीं ऑलिंपिकच्या खेळाडूनें खेळाबद्दल पैसा घेणें वर्ज्य होतें. कॉलेजांतले किती तरी तरुण सुटींत असेंच खेळत. मात्र ते खोटें नांव घेऊन खेळत. थॉर्प स्वतःच्या नांवानें खेळला. ज्या शाळेनें मुलांचीं खरीं नांवें पुसलीं, तिचा हा विद्यार्थी आपलें नांव न लपविल्यामुळें दंड पावला! पदकें परत घेतलीं, विक्रम पुसून टाकले. ज्या शिक्षकानें व ज्या अधिकाऱ्यांनीं त्याच्या कीर्तीवर शाळेचें नांव वाढविलें, त्यांनीं आपणांस कांहीं ठाऊक नव्हतें असें सांगून हात झटकले.

पुढच्या वर्षीं शाळेचाहि झाडा घेतला गेला. गस वेल्चनें दोनशेंहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. १९१४ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीनें येऊन चौकशी केली. एका मुलीस झालेली मारहाण, मुलांच्या जेवणाची हयगय, खेळांतून आलेल्या पैशांचा मन मानेल तसा विनियोग, अशा गोष्टी बाहेर आल्या. मुख्य अधिकारी गेला, पाठोपाठ वॉर्नरहि गेला, आणि १९१८ सालीं महायुद्धाच्या धामधुमींत सरकारनें ती जागा लष्करी इस्पितळासाठीं परत घेतली. ह्या एकोणचाळीस वर्षांत सुमारें दहा हजार मुलें तेथें येऊन गेलीं. शेवटपर्यंत शिकून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेलीं आठशेंच्याहि आंत.

छावणींत थॉर्पच्या नांवाची व्यायामशाळा आहे, आणि जेथें तीं मुलें खेळलीं तें मैदानहि आहे. हिरवळ नीट राखलेली. शरदांतल्या उन्हांत तें फार प्रसन्न दिसतें. परंतु त्याहून अधिक वेळ आमचे पाय खिळले ते दुसऱ्याच ठिकाणीं. रस्त्याच्या कडेस, कुंपणाच्या आंत, पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा आहेत. त्या शाळेंत मेलेल्या मुलांच्या ह्या कबरी, एके काळीं सुमारें एकशेंऐंशीं. क्षयानें बरीच मुलें गेलीं. मूळचें दफनस्थान दुसरीकडे होतें. १९२७ सालीं तें हलवून येथें आणलें. दगडांवर मुलाचें शाळेंतलें नांव, जमातीचें नांव, आणि कांहींवर नुसतें ‘अज्ञात’. कोणीं दगडाशीं लहान खेळणें ठेविलेलें, कोणीं नाणें. आमच्या बरोबरच्या सूनबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मामंजी, ह्यांच्या आयांना कळलें तरी असेल का?” कांहींना पत्रानें कळलें, तेंहि मूल पुरल्यावर.

आतां तीं मुलें परत जात आहेत. रोजबडच्या तरुण मंडळींनीं ही गोष्ट हातीं घेतली. २०१७ पासून कबरी उकलून अस्थि त्या त्या जमातींच्या स्वाधीन करण्यास आरंभ झाला. २०२१ च्या जुलैमध्यें रोजबडचीं नऊ मुलें घरीं नेलीं; ज्या वाटेनें तीं मागें आणलीं गेलीं होतीं, त्याच दिशेस त्यांची मिरवणूक गेली, आणि तेथें त्यांचे विधि त्यांच्या भाषेंत झाले. २०२४ च्या डिसेंबरांत ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. अस्थि घरीं नेण्याचें महत्त्व आपल्या लोकांस सांगावयास नको.

ह्या पेनसिल्व्हानियाशीं महाराष्ट्राचाहि एक धागा जुळलेला आहे. कार्लाइलपासून पूर्वेस सव्वाशें मैलांवर फिलाडेल्फिया आहे. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १८८६ च्या मार्चमध्यें आमच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभास मुद्दाम गेल्या होत्या. त्याच वर्षीं त्याच महाविद्यालयांत ओमाहा जमातीची सुसान ला फ्लेश ही मुलगी दाखल झाली; १८८९ सालीं ती आपल्या वर्गांत पहिली आली आणि आदिनिवासी लोकांतील पहिली डॉक्टरीण झाली. रमाबाईंनीं १८८९ सालीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत जो ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या लोकांवर झालेल्या अन्यायाविषयीं त्या गप्प राहिल्या नाहींत.

दुसरी गोष्ट कालाची. कार्लाइलची शाळा १८७९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सुरू झाली. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक ह्यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें तें १८८० च्या जानेवारींत. दोन्हींकडे इंग्रजीच शिकवीत. मग अंतर कोठें पडलें? आमच्या मतें घंटा वाजल्यानंतर. पुण्याचा मुलगा इंग्रजी धडा संपवून संध्याकाळीं घरीं जाई. तेथें शुभंकरोति होतें, आजीच्या गोष्टी होत्या, आईची हांक होती. नवी विद्या जुन्या घरांत उतरे आणि दोहोंचें भांडण तेथेंच मिटे. कार्लाइलच्या मुलास संध्याकाळ होती, पण घर नव्हतें. विद्या परकी असल्यानें मूल तुटत नाहीं. परतीची वाट बंद केल्यानें तुटतें.

तथापि हें म्हणतांना आपल्या अंगणाकडेहि पाहिलें पाहिजे. सातारच्या शाळेंत भीमराव आंबेडकरांस घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळें बसावें लागे, आणि तेंहि कोणा परकीय अधिकाऱ्याच्या हुकुमानें नव्हे. कार्लाइलनें मुलांस जबरदस्तीनें आंत ओढलें. आपण कितीएकांस पायरीवरच थांबविलें. दोन्हींकडे मास्तर मंडळी मनानें सज्जनच असत. सज्जनपणा पुरेसा नसतो, हा धडा प्रत्येक शिक्षकानें ह्या शाळेच्या इतिहासांतून घ्यावा.

थॉर्पचें पुढें काय झालें, हें वाचक विचारतील. तो बरींच वर्षें पैसे घेऊन खेळला, धंदेवाईक फुटबॉलच्या संघटनेचा १९२० सालीं पहिला अध्यक्ष झाला, आणि १९५३ सालीं गरिबींत वारला. त्याच्या विधवेनें त्याचा देह पेनसिल्व्हानियांतीलच दोन लहान गांवांस दिला. तीं गांवें १९५४ सालीं एक झालीं आणि त्यांनीं ‘जिम थॉर्प’ हेंच नांव घेतलें. त्या गांवाशीं त्याचा हयातींत कांहीं संबंध नव्हता. त्यास ओक्लाहोमास, आपल्या जमातीच्या भूमींत नेऊं द्यावें म्हणून त्याच्या मुलांनीं न्यायालयें झिजविलीं. २०१५ सालीं तो प्रयत्न संपला. ऑलिंपिक समितीनें १९८२ सालीं त्याचें नांव दुसऱ्याच्या जोडीनें पुन्हां लिहिलें, आणि २०२२ सालीं त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून मान्य केलें. म्हणजे जिंकल्यानंतर एकशें दहा वर्षांनीं!

खेळाच्या नोंदी अशा उशिरा कां होईना, दुरुस्त होतात. २७–६ हे आंकडे तर कोणासहि पुसतां आले नाहींत; मैदानावर जें झालें तें सर्वांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्या मुलांजवळचें जवळजवळ सारें काढून घेतलें होतें. नांव, केंस, भाषा, घर. उरलें होतें तें अंगांतलें बळ आणि एकमेकांची सोबत. निरनिराळ्या जमातींचीं, एकमेकांची बोली न समजणारीं तीं अकरा मुलें तेवढ्या भांडवलावर उभीं राहिलीं. तें पाहून त्यांच्या पराक्रमाबद्दल आदर वाटतो; पण असा पराक्रम करून दाखविण्याची पाळी कोणाच्याहि मुलांवर येऊं नये, असेंच म्हणावेंसें वाटतें.